नटनट्या नकोत, शर्यत दाखवा

संपादक महोदय,

2023 पासून फॉर्म्युला वन आपल्या नेहमीच्या क्रीडावाहिनीवरून गायब झाली. आता पैसे भरा आणि ऑनलाइन बघा. बरं, पैसेही भरतो. पण जुलैच्या पावसात डिचोली-सत्तरीत नेट टिकतं कुठे? नेमक्या त्याच महिन्यात ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोन आणि बेल्जियममधल्या स्पा इथल्या शर्यती. स्पाचा ट्रॅक सात किलोमीटरचा. एका टोकाला पाऊस, दुसरं टोक कोरडं, असं तिथे सर्रास होतं आणि टायर कधी बदलले यावर अख्खी शर्यत फिरते. आमच्या पडद्यावर तेव्हा फिरतं ते फक्त गोल चक्र!

नेट टिकलं तरी चित्रणाची तऱ्हा वेगळीच. दहाव्या क्रमांकालाही एक गुण असतो, त्यासाठी मागे जीव तोडून झुंज चाललेली असते आणि कॅमेरा मात्र गॅरेजमधल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर. नटनट्या बघायला आम्हाला पणजीत इफ्फी चित्रपट महोत्सव आहे की!

2011 ते 2013 या काळात ग्रेटर नोएडात शर्यती झाल्या, तेव्हा जोडला गेलेला प्रेक्षक अजून आहे. निदान दूरदर्शनने रविवारी रात्री अर्ध्या तासाचे ठळक क्षण दाखवावेत.

– एक वाचक, डिचोली