टीएच्या जवानाला त्याचे काम परत मिळायलाच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा धाकटा भाऊ कोल्हापुरातल्या टेंबलाई टेकडीवरच्या १०९ इन्फंट्री बटालियनमध्ये जवान आहे. ही मराठा लाइट इन्फंट्रीची प्रादेशिक सेनेतली, म्हणजे आपण ज्याला टीए म्हणतो त्यातली पलटण. एरवी तो एका फाउंड्रीत मोल्डिंगला होता. बोलावणे आले की कॉटखालची काळी पेटी बाहेर काढायची, बूट चकचकीत करायचे आणि निघायचे. आईला आता त्या पेटीच्या कडीचा आवाजसुद्धा ओळखू येतो.

गेल्या खेपेस तो सीमेकडून डिसएम्बॉडी होऊन, म्हणजे बोलावलेल्या सेवेतून मोकळा होऊन, घरी आला आणि तिसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेला. गेटवरच त्याला सांगितले, ‘तुझ्या जागी माणूस घेतलाय.’ डबा तसाच भरलेला परत आला. गावात लोक वर म्हणतात, टीएवाला म्हणजे अर्धा मिलिटरीवाला. गोळी काय अर्धी लागते?

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या सेनेचे उद्घाटन झाले. कल्पना साधी होती: माणसाने आपला पोटापाण्याचा उद्योग सांभाळावा, दरवर्षी प्रशिक्षण घ्यावे आणि देशाला गरज पडली की वर्दी चढवावी. म्हणूनच, सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परतल्यावर मालकाने कामावर घेतले पाहिजे, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. ती किती कारखानदारांना माहीत आहे? खरे तर किती जवानांना तरी माहीत आहे? माझ्या भावाला नव्हती.

हा प्रश्न आज जास्त निकडीचा आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने टीएच्या ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन सेवेत बोलावण्याची मुभा लष्करप्रमुखांना दिली. बोलावणे आले तर कितीतरी घरांतून अशा पेट्या बाहेर निघतील.

आणि कोल्हापूरला पलटण नवी नाही. संस्थानाच्या राजाराम रायफल्सचे जवान विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फंट्रीतच गेले. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ ची. शिरोळ तालुक्यात तर गावाचे नावच सैनिक टाकळी आहे. टीएच्या भरतीला रस्त्याकडेला रात्र काढणारी पोरे आपण पाहतो, त्यांना चहा-नाष्टाही देतो. ती पोरे परत आल्यावर मात्र आपल्याच गावचा मालक त्यांना गेटवरून माघारी पाठवतो, हे मनाला लागते.

माझी विनंती एवढीच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि उद्योजकांच्या संघटनांनी एकत्र बसून ही तरतूद मराठीत छापावी आणि प्रत्येक कारखान्याच्या फलकावर लावावी. तक्रार कुठे, कशी करायची, तेही त्यात स्पष्ट लिहावे.

आपला,
एका टीए जवानाचा थोरला भाऊ, कोल्हापूर