साडेनऊच्या मेलमध्ये पावणेबाराचा आवाज

दिनांक : २८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग
(कंपनीचं नाव पाकिटावर आहे. इथे पुन्हा लिहिण्याची इच्छा नाही.)

विषय : आमच्या लॉनवर तुम्ही बसवलेल्या साउंड लिमिटरचं घड्याळ अडीच तास पुढे असल्याबाबत. तक्रार चौथी.

महोदय,

आज दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी तुमच्या ग्राहकसेवेने फोन ठेवला. ४ वाजून ११ मिनिटांनी मला मेसेज आला : "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." सुटलेली नाही. म्हणून हे पत्र, स्पीड पोस्टाने, पोच घेऊन.

यंत्र तुमचंच आहे, तेव्हा आवाज मोजायचा आणि मर्यादा ओलांडली की स्पीकरची वीज तोडायची हे त्याचं काम, हे मी सांगत बसत नाही. १८ नोव्हेंबरला तुमच्या ऑफिसातून परस्पर नवं सॉफ्टवेअर चढवलं गेलं. मला कोणी विचारलं नाही, कळवलंही नाही. तेव्हापासून मेन्यूतला टाइम झोन भारताचा राहिलेला नाही. यंत्र चीनच्या वेळेवर चालतंय. हे तुमच्या इंजिनिअरने शोधलं नाही, माझ्या दहावीतल्या मुलाने शोधलं, तेही जेवता जेवता. खोक्यावर "संपूर्ण स्वदेशी" छापलंय, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

शनिवारी, २२ तारखेला लॉनवर संगीताचा कार्यक्रम होता. बरोबर साडेसातला, नवऱ्या मुलीची आत्या गिरकी घेत असताना, आवाज बंद. दिवा लाल. कारण तुमच्या यंत्राच्या हिशोबाने रात्रीचे दहा वाजले होते आणि त्याने इमानेइतबारे रात्रीची मर्यादा लागू करून डीजेच्या प्लगची वीज तोडली. साडेतीनशे पाहुणे, आत्याबाई हात वर करून उभ्या, आणि मुलीचे वडील माझ्याकडे असे बघतायत की जणू मीच फ्यूज काढून खिशात घातलाय.

तुमच्या इंजिनिअरला फोन लावला. चौथ्या वेळी उचलला. तो म्हणाला, "बायपासचा कोड देतो, आजचा दिवस चालवून घ्या, उद्या बघू." कोड टाकला, गाणी सुरू झाली, आणि ९ वाजून ४० मिनिटांनी मी स्वतः मिक्सर बंद केला. नेहमीसारखाच. पण बायपासमध्ये यंत्र वीज तोडत नाही, नोंद मात्र ठेवतं. आणि नोंद त्याच्या घड्याळाने ठेवतं.

आता शेजाऱ्यांचं. लॉन माझं २००९ चं, समोरची सोसायटी २०१६ ची. आधी कोण आलं हा वाद मी कधी घातला नाही, झोप सगळ्यांनाच लागते. गेल्या वर्षी पोलिसांत तीन तक्रारी झाल्या, तेव्हा सोसायटीबरोबर बसून ठरवलं : लॉन पावणेदहाला बंद, नंतरचं काय असेल ते आतल्या हॉलमध्ये दारं लावून, वरातीचा बँड फाटकाबाहेरच थांबणार. आणि लिमिटरचा रोजचा रिपोर्ट थेट सोसायटीच्या सेक्रेटरींना मेलने जाणार. ही कल्पना माझी. "आता संशयाला जागाच नाही," असं मी त्या मीटिंगमध्ये म्हटलं होतं. तुमच्या यंत्रावर ८६,००० रुपये घातले ते एवढ्या एका वाक्यासाठी.

शनिवारी सेक्रेटरींना रिपोर्ट गेला : रात्री १०:३२, ८८ डेसिबल, बायपास. ११:४५, ८६ डेसिबल, बायपास. स्टेजजवळच्या माइकवरचे ८८ कुंपणाशी किती उरतात ते तुमच्याच माणसाने मोजून मर्यादा बांधली होती, पण कागद वाचणाऱ्याला एवढंच दिसतं की दहानंतर उघड्यावर स्पीकर, आणि वर मुद्दाम यंत्राला बगल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावताच येत नाही, मग डेसिबल कितीही असोत. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी प्रिंट काढून थेट पोलीस ठाणं गाठलं. ध्वनिक्षेपक परवान्याचं नूतनीकरण अडकलंय, आणि सोमवारी मला खुलासा द्यायचाय. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांनी गेल्या वर्षी तीनपैकी दोन तक्रारी केल्या होत्या, त्याच परवा फाटकाशी थांबून म्हणाल्या, "अहो, शनिवारी दहाला तर सगळं शांत होतं, मी औषध घेऊन झोपले." पण काकूंच्या तोंडी शब्दापेक्षा तुमच्या छापील कागदाला किंमत जास्त.

आता आजचा फोन. हा नीट वाचा, ही विनंती.

मी म्हटलं, "घड्याळ चुकलंय." मॅडम म्हणाल्या, "सर, आमच्या सिस्टिमप्रमाणे तुमच्याकडे रात्री पावणेबाराला शहाऐंशी डेसिबल होता."

मी म्हटलं, "तो रिपोर्टचा मेल किती वाजता गेलाय ते बघा."

त्यांनी बघितलं. "नऊ एकतीस, सर."

"म्हणजे रात्री साडेनऊला आलेल्या मेलमध्ये पावणेबाराचा आवाज आहे. अजून न झालेला आवाज तुमच्या यंत्राने कसा मोजला?"

पलीकडे शांतता. कीबोर्डचा आवाज. मला वाटलं, कळलं बाईंना. मग उत्तर आलं : "सर, आमचा डेटा रिअल टाइम असतो."

मी पुन्हा विचारलं. शांतपणे विचारलं, साक्षीला बायको होती. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही एकदा यंत्र बंद करून चालू करून बघा." रविवारी केलं, मंगळवारी केलं, आज सकाळीही केलं. चालू झाल्यावर ते पुन्हा पेइचिंगच्याच वेळेवर उठतं. मग त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही बारापर्यंतची परवानगी का नाही घेत?" बारापर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, तीही सरकारने ठरवलेल्या सणा-उत्सवांना, आत्याबाईंच्या नाचाला नाही. हे लिमिटर विकणाऱ्या कंपनीला मी सांगायचं. आणि शेवटी, अगदी आपुलकीने, "सर, मग तुम्ही आवाजच जरा कमी ठेवला तर?"

वा. हे आधी सुचलं असतं तर ८६,००० वाचले असते की हो!

बाई नोकरी करतायत, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या समोरच्या पडद्यावर जे लिहून ठेवलंय ते त्या वाचतायत. ते लिहिणाऱ्यावर आहे. आणि दर वेळी फोन ठेवला की मिनिटभरात "तक्रार सोडवण्यात आली आहे" पाठवणाऱ्यावर आहे. चार फोन, चार मेसेज. चारही वेळा सुटली.

आणखी एक, निघालंच आहे म्हणून. काकूंच्या खिडकीच्या काचा बेसने थरथरतात तेव्हा तुमचा दिवा हिरवा असतो. मी मार्चमध्ये लिहिलं होतं. तुमचं यंत्र ए वेटिंगने मोजतं, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर कमी धरून, त्यात बेसच्या ६३ हर्ट्झला २६ डेसिबल वजा होतात. म्हणजे काच ज्याने हलते नेमकं तेच तुमच्या माइकला ऐकू येत नाही. कायद्याची मर्यादा ए मध्येच आहे, मान्य. पण खालच्या पट्टीला वेगळी मर्यादा लावायची सोय तुमच्या महागड्या मॉडेलमध्ये आहे, हे मला विकताना का नाही सांगितलं? तेव्हापासून काकूंचा फोन आला की मी बेस कमी करतो. त्यांचा कान चांगलाय, आणि फोन लगेच येतो.

मला हवंय ते एवढंच : कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी पत्र, की १८ तारखेपासूनच्या सगळ्या नोंदी अडीच तास पुढे आहेत आणि बायपासचा कोड तुमच्या माणसाने दिला होता. सेक्रेटरींना दुरुस्त रिपोर्ट, त्यांच्याच मेलवर. आणि हातात कॅलिब्रेटर घेतलेला जिवंत माणूस, जो ९४ डेसिबलचा सूर लावून माझ्यासमोर माइक तपासेल आणि घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवेल. देखभालीचे या वर्षीचे पैसे परत मागायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण आजच्या फोननंतर तेही मागतोय.

नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, माहिती काढलीय. यंत्र धंद्यासाठी घेतलंय, सबब तुम्ही ग्राहकच नाही, असं तुमचा वकील म्हणेल. म्हणू द्या. हे लॉन मी आणि बायको मिळून चालवतो, पोट त्यावरच आहे, आणि स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात अपवाद आहे. तिथे मी फक्त तो साडेनऊचा मेल ठेवणार आहे.

खरं सांगू, यंत्र घेताना तुमचंच घेतलं ते एका ओळखीच्या कार्यालयवाल्याने सांगितलं म्हणून. "मागे उभे राहतात," म्हणाला होता. उभे राहिलात खरे, पण पोलीस ठाण्याच्या बाजूने.

सोमवार, १ डिसेंबर, सकाळी ११ वाजता मला पोलीस ठाण्यात हजर व्हायचंय. त्याआधी पत्र हातात पाहिजे. ११ म्हणजे आपल्याकडचे ११.

आपला,
(अजून तरी) ग्राहक

सोबत : २२ नोव्हेंबरच्या मेलची प्रिंट, वेळेखाली लाल रेघ मारून. तक्रार "सोडवल्याचे" चार मेसेज.