संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र: दोन जहाजांच्या मधल्या दिवसांचे काय?

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली यांस

महोदय,
स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितो आहे. हिंदी मला कामावर बोलायला येते, कागदावर उतरवायला येत नाही. आपल्या कार्यालयात मराठी वाचणारे कोणीतरी असेलच.

१५ जानेवारी २०२५ ला ‘सुरत’, ‘निलगिरी’ आणि ‘वागशीर’ मुंबईत एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगाव डॉकने बांधलेल्या. मी घरी टीव्हीसमोर बसलो होतो. बायको म्हणाली, “एवढं काय निरखून बघताय?” मी जोड शोधत होतो. रंगाखाली ते दिसत नाहीत, पण चौतीस वर्षे वेल्डिंगमध्ये घालवलेल्या माणसाची नजर आपोआप तिकडेच जाते. (माझी नोकरी दुसऱ्या एका कारखान्यात झाली, आणि मी पाण्यावरच्या जहाजांचा माणूस; पाणबुडीवाले आम्हाला जरा कमीच लेखायचे.)

‘वागशीर’ ही स्कॉर्पिन मालिकेतली सहावी आणि शेवटची पाणबुडी. ती पाण्यात उतरली २० एप्रिल २०२२ ला, म्हणजे तिच्या कवचाचे मुख्य वेल्डिंग त्याच्याही आधी आटोपले होते. पुढच्या सहा पाणबुड्यांची, पी-७५ (आय) ची, निविदा निघाली जुलै २०२१ मध्ये. किमतीच्या वाटाघाटी सुरू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. दरम्यान डिसेंबर २०२४ मध्ये एआयपी प्लगचा १,९९० कोटींचा करार झाला, म्हणजे पाणबुडीला पाण्याखाली जास्त काळ राहता यावे म्हणून तिच्यात बसवायचा नवा भाग. ते काम आले हे बरेच झाले. पण एका भागाच्या कामावर सहा पाणबुड्यांचे हात पोसले जात नाहीत.

फायलीला चार वर्षे म्हणजे फार नाहीत. वेल्डरला सहा महिनेसुद्धा फार होतात. ज्या पद्धतीत त्याने परीक्षा दिली, त्या पद्धतीचे काम सलग सहा महिने हातून झाले नाही तर त्याची पात्रता संपते आणि चाचणी पुन्हा द्यावी लागते. जगभर साधारण हाच नियम आहे आणि तो उगाच केलेला नाही. पाणबुडीच्या कवचाचे पोलाद जाड आणि चिवट. आधी ते ठरल्या अंशापर्यंत तापवायचे, काम संपेपर्यंत तापमान धरून ठेवायचे, मग थरावर थर चढवत जायचे. आजूबाजूला तापलेला पत्रा, अंगावर चामड्याचा एप्रन, आणि बसायला जागा असेल तर नशीब. नंतर जोडाचा एक्स-रे. टाचणीच्या डोक्याएवढी पोकळी निघाली तरी तेवढा भाग खरवडून काढायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. असा हात तयार व्हायला माझ्या अंदाजाने पाच-सात वर्षे लागतात. सुटायला एक वर्ष पुरते.

हे आपल्याकडे एकदा घडून गेले आहे. १९८१ मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यूशी करार झाला. दोन पाणबुड्या जर्मनीत कील शहरात बांधल्या, दोन माझगावात. आपले लोक जर्मनीत शिकून आले. ‘शाल्की’ १९९२ मध्ये नौदलात आली, ‘शंकुल’ १९९४ मध्ये. पुढच्या पाणबुड्या दलालीच्या आरोपांच्या गदारोळात बुडाल्या. आरोप खरे की खोटे, त्यात मला पडायचे नाही. पण स्कॉर्पिनचा करार व्हायला २००५ साल उजाडले आणि त्यातली पहिली, ‘कलवरी’, नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये. ‘शंकुल’ ते ‘कलवरी’ तेवीस वर्षे! जर्मनीत शिकून आलेला पोरगा तोवर निवृत्तीच्या कागदांवर सह्या करत होता. इंग्रजांचेही त्यांच्या बॅरोच्या गोदीत असेच झाले. पाणबुड्यांच्या कामात खंड पडला आणि पुढे ‘अ‍ॅस्ट्यूट’ बांधताना अमेरिकेतून जाणकार बोलवावे लागले.

आणि याच मुंबईत लवजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून जहाजे बांधायला आले. त्यांच्या नातवाने, जमशेटजींनी, बांधलेले १८१७ चे ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. आजोबांपासून नातवापर्यंत गोदीतले काम तुटले नव्हते, एवढेच सांगायचे आहे.

आता आमच्याकडची गोष्ट. चिपळूणच्या बाजूचा एक मुलगा आयटीआय करून माझ्या हाताखाली आला. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यात शिकवण्याचे बंधन आहे, शिकलेल्याला कामावर घेण्याचे नाही. तो मुदतीच्या करारावर लागला. ओव्हरहेड वेल्डिंगमध्ये, म्हणजे डोक्यावरचा जोड करताना, त्याचा एक्स-रे सहसा नापास होत नसे. जहाज पाण्यात उतरले, करार संपला, एका सोमवारी त्याचा गेटपास चालेना. वर्षभराने पुढच्या जहाजाचे काम आले तेव्हा ठेकेदाराने नवी माणसे आणली. पहिले काही महिने जेवढे वेल्डिंग झाले, तेवढेच खरवडून काढले, असे वाटायचे. त्या दुरुस्तीचा खर्च कोणत्या खात्यात पडला, कोणी विचारले नाही. मुलगा तोवर अबू धाबीला गेला होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. चांगले केले. पण ती त्याला जाताना मिळते. त्याने जाऊच नये, यासाठी त्यात काही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने जहाजबांधणीला ६९,७२५ कोटींचे पॅकेज मंजूर केले. ते दुसऱ्या मंत्रालयाचे, व्यापारी जहाजांसाठीचे, हे मला ठाऊक आहे. मात्र ती जहाजे बांधायला वेल्डर लागतील ते याच शहरांतून, याच आयटीआयमधून. माणसे आहेत तेवढीच राहिली तर आपण एकमेकांचीच पळवू.

माझे मागणे एकच आहे. युद्धनौकेच्या करारात सुट्या भागांचे पैसे धरता, हमीच्या काळाचे धरता, तसेच दोन ऑर्डरींमधल्या काळाचेही धरा. कवचाचे वेल्डर, पाईप फिटर, केबलवाले, एक्स-रे वाचणारे असे मोजके लोक प्रत्येक कारखान्याने नावानिशी ठरवावेत. काम नसेल तेव्हा त्यांचा पगार त्या रकमेतून निघावा, चाचणीचे तुकडे जोडून त्यांची पात्रता चालू ठेवावी आणि नव्या मुलांना त्यांनीच शिकवावे. अशांना तीन-तीन वर्षांच्या करारावर टांगून ठेवू नये. माझगावला रिकामपण असेल तर गोव्यात वास्कोच्या किंवा कोचीच्या गोदीत पाठवा, भत्ता द्या, पण नोकरी एकच राहू द्या. कोकणातला माणूस घर सोडायला घाबरत नाही, त्याला परतीची खात्री लागते.

खर्च वाढेल, असे अर्थखाते म्हणेल. त्यांना ‘कलवरी’च्या विलंबाची फाईल दाखवा.

तो मुलगा दर गणपतीला गावी जाताना आमच्याकडे येतो. मोदक खाता खाता हटकून विचारतो, “सर, आपल्याकडे काही निघालंय का?” यंदा त्याला काय सांगू, तेवढे कळवावे.

आपला,
एक निवृत्त वेल्डिंग सुपरवायझर
चिंचपोकळी, मुंबई