बाबा, संपकऱ्यांबद्दल थोडं सविस्तर

जळगाव

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. परवा तुम्ही म्हणालात, गिरणीवाल्यांनी संप करून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. 1982 च्या संपाबद्दल तुमचं मत असू द्या. पण तुम्ही तेच शंभर वर्षांपूर्वीच्या कामगारांनाही लावलंत, ते मला पटलं नाही.

मी सध्या मुंबईतल्या त्या संपांबद्दल वाचतेय. खानदेशचा कापूस ज्या गिरण्यांत जायचा, तिथली ही गोष्ट. पगार महिना भरल्यावर आणखी दहा-पंधरा दिवसांनी मिळायचा, म्हणजे माणूस कायम उधारीवर. वाण्याची वही, खाणावळवालीचे पैसे, वर पठाणाचं व्याज. मुकादमाला दस्तुरी, म्हणजे लाच, दिल्याशिवाय काम नाही. विणताना कापड खराब झालं, तर ते विणकराच्याच गळ्यात मारून पैसे पगारातून कापायचे. साचा, म्हणजे माग, बंद केला की घरात काय होणार, हे त्याला कुणी सांगायला हवं होतं का? तरी 1928 मध्ये जवळजवळ दीड लाख माणसं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिली. काही मालकांना एका विणकराकडून दोनाऐवजी तीन साचे चालवून घ्यायचे होते. तिसरा साचा घेतला की शेजारचा माणूस घरी बसणार, हे त्यांना दिसत होतं.

आई, तुला सांगायचं ते बायकांचं. मुंबईतले बहुतेक कामगार एका खोलीत राहायचे, आणि त्या खोलीतही पोटभाडेकरू. बाई स्वतः गिरणीत जायची, तेव्हा तान्ह्या पोराला अफूची गोळी चारून झोपवायची. वाचून मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. संपात वाण्यानं हात आखडला की त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं तिनंच. ज्यांचं गाव होतं ते कोकणात, घाटावर परत गेले, पण तिथलं घर तरी त्यांच्याच मनिऑर्डरीवर चालायचं.

सगळेच एका पंगतीत होते असंही नाही. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली दलितांना विणकाम खात्यात घेत नसत. तिथे पगार जास्त होता. बाबासाहेबांनी 1928 च्या संपातच हा प्रश्न लावून धरला. कामगारांच्या एकीबद्दल मला आदर आहे, पण ही गोष्ट गाळून तो आदर ठेवता येणार नाही.

आणि बाबा, ते हरलेच असं म्हणू नका. 1924 मध्ये बोनससाठी लढून रिकाम्या हातानं परतले, खरं. पण पुढच्याच वर्षी मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात केली, तेव्हा अडीच महिने गिरण्या बंद राहिल्या. शेवटी सरकारनं कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर स्थगित केला आणि कपात मागे घ्यावी लागली. ज्या कराविरुद्ध मालक कितीतरी वर्षं ओरडत होते, तो या उपाशी माणसांच्या संपामुळे थांबला.

आता एक मागणं. अमळनेरला गिरणी बंद असायची तेव्हा आजीनं घर कसं चालवलं, हे आपल्यापैकी कुणीच कधी नीट विचारलं नाही. आई, तू तिच्या हाताखाली होतीस. काय गहाण पडलं, उधार कुणी दिलं, कुणी नाकारलं, भाकरीबरोबर काय असायचं, आठवेल तसं वहीत लिहायला घे. क्रम लागला नाही तरी चालेल. कानबाईच्या रोटांना मी येतेच आहे, तेव्हा बसून पुढचं लिहू. आत्यालाही त्या दिवसांत बोलावून घ्या. आजीबरोबर वाण्याकडे तीच जायची. बाबा, तुम्ही मध्ये बोलायचं नाही, आधी त्या दोघींचं पुरतं ऐकायचं.

बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
सुनंदा