ख्मेर इतिहास अंगकोर वाटपाशी संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले वारसा यादीत घेतले. आपल्या वृत्तपत्रांनी त्या बातमीला भरभरून जागा दिली, ते योग्यच झाले. त्याच अधिवेशनात कंबोडियातील तुओल स्लेंग व एम-१३ हे तुरुंग आणि चोएंग एक ही वधभूमीही यादीत आली. ती बातमी मराठीत माझ्या वाचनात फारशी आली नाही. ख्मेर, म्हणजे कंबोडियातील बहुसंख्य, लोकांविषयीचे आपले कुतूहल बाराव्या शतकात राजा दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेल्या अंगकोर वाट या विष्णुमंदिरापाशी थांबते, आणि त्या बांधणाऱ्यांच्या वंशजांवर आपल्याच हयातीत काय ओढवले हे आपण विचारत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

१८६३ पासून फ्रेंचांच्या संरक्षणाखाली असलेला हा देश १९५३ मध्ये स्वतंत्र झाला. व्हिएतनाम युद्धापासून अलिप्त राहण्याचा त्याचा प्रयत्न टिकला नाही. १९६९ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी त्याच्या ग्रामीण भागावर प्रचंड बॉम्बफेक केली, १९७० मध्ये राष्ट्रप्रमुख सिहानूक यांची सत्ता उलथवली गेली, यादवी युद्ध पेटले आणि १७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या ख्मेर रूज या साम्यवादी संघटनेने राजधानी नॉम पेन्ह घेतली. निर्वासितांनी फुगलेले ते शहर काही दिवसांत रिकामे करण्यात आले; रुग्णालयांतील रुग्णांनाही रस्त्यावर काढण्यात आले. चलन, बाजार, शाळा, न्यायालये आणि बौद्ध विहार बंद झाले, भिक्खूंची चीवरे उतरवली गेली.

पुढे जे घडले त्याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक हेक्टरमागे तीन टन भात पिकलाच पाहिजे, असे वरून ठरले. अवजारे, बियाणे आणि शेतीची जाण असलेली माणसे यांची वानवा असताना हे उद्दिष्ट गाठणे अशक्य होते. पण तसे म्हणणाऱ्याला शत्रू ठरवले जाई, म्हणून स्थानिक अधिकारी पीक फुगवून कळवत, त्या आकड्यांच्या हिशेबाने धान्य उचलले जाई आणि पिकवणाऱ्यांच्या वाट्याला पाण्यासारखी पेज उरे. शहरांतून हाकललेल्यांना ‘नवे लोक’ म्हणून सर्वांत कमी अन्न आणि सर्वांत जास्त संशय मिळाला. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्याने ही राजवट संपवली, तोपर्यंत १५ ते २० लाख माणसे, म्हणजे लोकसंख्येचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा, मरण पावली होती. त्यांत मारलेले जितके होते तितकेच भूक, रोग आणि अतिश्रमाने संपलेलेही होते. तुओल स्लेंग ही मुळात शाळेची इमारत. तिथे १४ हजारांहून अधिक कैद्यांचे फोटो काढून, जबाब लिहून घेऊन, नोंदी ठेवून त्यांना मृत्यूकडे पाठवण्यात आले. त्यांतले मोजकेच जगले.

अंगकोरची आठवण या राजवटीने पुसली नाही, हे विशेष नोंदवायला हवे. तिच्या लाल ध्वजावर अंगकोर वाटचेच पिवळे मनोरे होते. प्राचीन ख्मेरांनी कालवे आणि तलाव उभारले, तर आजचे ख्मेर काय करू शकणार नाहीत, हा अभिमान उपाशी माणसांकडून बांध खणून घेताना वापरला गेला. वैभवशाली भूतकाळावर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्या समाजाने हा भाग टाळून पुढे जाऊ नये.

नंतरची कथाही क्लेशदायक आहे. राजधानीतून हाकलली गेल्यावरही पोल पॉटच्या राजवटीचाच प्रतिनिधी संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाच्या आसनावर बसत राहिला, कारण शीतयुद्धाच्या हिशेबात चीन आणि अमेरिका या दोघांनाही व्हिएतनामचे वर्चस्व नको होते. भारताने मात्र जुलै १९८० मध्ये नॉम पेन्हच्या नव्या, व्हिएतनामच्या पाठबळावरील सरकारला मान्यता दिली. तेव्हा असे करणाऱ्या बिगरसाम्यवादी देशांची संख्या अगदीच थोडी होती. पुढे १९८६ ते १९९३ या काळात, देशात लढाई चालू असताना, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकांनी अंगकोर वाटच्या जतनाचे काम केले. त्यांच्या पद्धतींवर टीका झाली हे खरे. तरी इतर फारसे कोणी जात नव्हते तेव्हा ही माणसे तिथे गेली, याची आपल्याकडे क्वचितच आठवण निघते.

पोल पॉट १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे उभा न राहताच मरण पावला. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने स्थापन झालेल्या विशेष न्यायालयाचे काम २००६ मध्ये सुरू झाले; २०२२ पर्यंत ३० कोटी डॉलरहून अधिक खर्च होऊन तिघेच दोषी ठरले. नोव्हेंबर २०१८ च्या निकालात वंशसंहाराचा गुन्हा सिद्ध झाला तो चाम मुसलमान आणि व्हिएतनामी अल्पसंख्याकांबाबत. बहुसंख्य ख्मेर बळींची हत्या मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत मोडली, कारण वंशसंहाराविषयीचा १९४८ चा आंतरराष्ट्रीय करार राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक गटाच्या नाशालाच वंशसंहार मानतो. स्वतःच्याच लोकांना वर्ग ठरवून संपवणे त्यात बसत नाही. ही उणीव मला फार मोठी वाटते.

महाराष्ट्रातून अंगकोरजवळच्या सिएम रीप शहराला पर्यटक जातात. त्यांच्यापैकी काहींनी तरी नॉम पेन्हमध्ये एक दिवस ठेवावा आणि तुओल स्लेंग पाहावे. आपल्या रविवार पुरवणीला माझी विनंती आहे की कंबोडियात २० मे हा स्मृतिदिन पाळला जातो, त्या सुमारास ख्मेर लोकांच्या या अर्धशतकावर जाणकारांकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा.

कळावे,
आपला नियमित वाचक, सातारा