अजिनोमोटोच्या आड लपलेले मीठ, तेल आणि रंग : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत रक्तदाबाचे आणि मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण जास्त. आहाराबद्दल विचारायला सुरुवात केली की बरेच जण आपणहून सांगतात, "मॅडम, आमच्या घरात अजिनोमोटो येत नाही. पोरांना चायनीजच्या गाडीवर जाऊ देत नाही." त्यांना बरे वाटते, मलाही त्यांची काळजी कळते. मग दिवसभरात काय काय खाल्ले ते लिहून काढले की यादीत सकाळी लोणचे, दुपारी पापड, चारला भडंग किंवा फरसाण, रात्री भाकरीबरोबर खारट ठेचा असे सगळे निघते. अजिनोमोटोचा एक कण न खाता या माणसाच्या पोटात गरजेच्या दुप्पट मीठ गेलेले असते आणि त्याचा रक्तदाब गोळी घेऊनही उतरत नसतो.

हे पत्र लिहायचे कारण हेच. लोक एका चुकीच्या शत्रूला घाबरून आहेत. खरे शत्रू रोज ताटात येऊन बसतात आणि त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. हे बोट योग्य दिशेला वळवायचे तर त्यासाठी कायदा, अन्न सुरक्षा अधिकारी आणि प्रयोगशाळा लागतात, आणि ते सगळे आपल्या खात्याकडे आहे.

अजिनोमोटो हे एका जपानी कंपनीचे नाव. पदार्थाचे नाव मोनोसोडियम ग्लूटामेट. 1908 साली टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ही चव वेगळी काढली. सुरुवातीला ते गव्हातल्या प्रथिनापासून काढत. आता ऊस, मका किंवा साबुकंदापासून मिळणारी साखर, मळी, स्टार्च आंबवून काढतात. ज्या ग्लूटामेटला आपण घाबरतो तेच पिकलेल्या टोमॅटोत असते, मुरलेल्या चीजमध्ये भरपूर असते, आणि आईच्या दुधात तर गाईच्या दुधाच्या कितीतरी पट असते. टोमॅटोतले ग्लूटामेट आणि पुडीतले ग्लूटामेट शरीराला वेगळे ओळखता येत नाही. जेवणातून आलेल्या ग्लूटामेटचा बहुतेक भाग आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. रक्तात पोचते ते फार थोडे.

मग भीती आली कुठून? 1968 साली अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात रॉबर्ट हो मॅन क्वोक या डॉक्टरांचे एक छोटे पत्र छापून आले. चिनी उपाहारगृहात जेवल्यावर आपल्या मानेच्या मागे बधिरपणा येतो, तो हातांकडे आणि पाठीकडे पसरतो, अशक्तपणा वाटतो, छातीत धडधडते, असे त्यांनी लिहिले होते. कशामुळे होत असेल याचे त्यांनी अंदाज केले. सोया सॉस असेल, स्वयंपाकात वापरतात ती दारू असेल, मोनोसोडियम ग्लूटामेट असेल, किंवा त्या जेवणातले भरमसाट मीठ असेल. महोदय, कृपया हे पुन्हा वाचा. ज्या पत्रातून हे सगळे सुरू झाले त्या पत्रात मिठावरही संशय होता. जगाने त्यातले एकच नाव उचलले आणि मीठ सुटले.

पुढच्याच वर्षी जॉन ओल्नी यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना ग्लूटामेट टोचून मेंदूला इजा झाल्याचे दाखवले. त्या उंदरांना वजनाच्या मानाने प्रचंड मात्रा थेट त्वचेखाली टोचली होती. माणूस जेवणातून तोंडाने थोडेसे खातो त्याच्याशी याची तुलना होत नाही. पण 'मेंदूला इजा' हे शब्द एकदा सुटले की परत येत नाहीत, आणि आज ते आपल्या व्हॉट्सॲपवर फिरत आहेत.

त्यानंतर तपासणी झाली आणि कसून झाली. 1987 साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने या पदार्थाला रोजच्या सेवनाची अंकात मर्यादा ठरवण्याची गरज नाही असा निर्वाळा दिला. 1995 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनासाठी झालेल्या अभ्यासात असे म्हटले की काही संवेदनशील लोकांना, तेही उपाशीपोटी 3 ग्रॅम किंवा जास्त घेतले तर, डोकेदुखी, बधिरपणा, धडधड असा थोड्या वेळाचा त्रास होऊ शकतो. एका वेळच्या जेवणात एरवी अर्ध्या ग्रॅमहून कमीच असते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 'मला अजिनोमोटो सोसत नाही' असे स्वतः सांगणारे 130 जण घेतले होते. कोणाला ग्लूटामेट दिले आणि कोणाला नुसतीच खोटी मात्रा, हे देणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि घेणाऱ्यालाही. खोट्या मात्रेनेही काहींना त्रास झाला. पुन्हा पुन्हा चाचणी केल्यावर सातत्याने प्रतिसाद देणारे फक्त दोन जण उरले, आणि त्यांची लक्षणेही दर वेळी सारखी नव्हती.

कितीही खा, काही होत नाही, असे मी म्हणत नाही. 2017 साली युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जास्त सावध भूमिका घेतली आणि शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 30 मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली. 60 किलोच्या माणसाला ती 1.8 ग्रॅम पडते, 15 किलोच्या मुलाला अर्ध्या ग्रॅमच्याही आत. गाडीवर कढईत चमच्याने मोजमाप न करता पुडी उपडी होते तेव्हा ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते, लहान मुलांची तर नक्कीच. आणि गंमत म्हणजे त्याने चवही वाढत नाही; एका टप्प्यानंतर पदार्थ उलट तोंडात नकोसा होतो. एखाद्याला खाल्ल्यावर खरोखर त्रास होत असेल तर त्याने टाळावे, त्याच्यावर कोणी हसू नये. बारा महिन्यांखालच्या बाळांच्या अन्नात ते घालायला आपल्या कायद्याने बंदी आहे, आणि तसा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. ते योग्यच आहे. पण 'थोडे घाला, मोजून घाला, बाळाला देऊ नका' हा सल्ला वेगळा आणि 'हे विष आहे' ही आरोळी वेगळी.

या आरोळीने काय होते ते आपण 2015 साली बघितले आहे. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत घेतलेल्या मॅगीच्या नमुन्यावरून प्रकरण सुरू झाले. पाकिटावर ग्लूटामेट घातलेले नाही असे छापले होते आणि तपासणीत ते आढळले. कोलकात्याच्या प्रयोगशाळेत शिसेही मर्यादेच्या कितीतरी वर निघाले. 5 जून 2015 रोजी देशभर बंदी आली, आपल्या राज्याच्या प्रशासनानेही आदेश काढला. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. कंपनीला बाजू मांडू दिली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांवर विसंबून बंदी घातली त्या मान्यताप्राप्त नव्हत्या, हे न्यायालयाच्या आक्षेपाचे सार. तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने तपासणी झाली, शिसे मर्यादेत निघाले, नोव्हेंबरमध्ये पाकिटे पुन्हा दुकानात आली. लोकांच्या लक्षात मात्र शिसे राहिलेच नाही, राहिले ते अजिनोमोटो. शिसे हे मुलांच्या मेंदूला खरोखर घातक. त्याबद्दल मला आजवर एकाही पालकाने विचारलेले नाही.

त्या प्रकरणातला तांत्रिक मुद्दा आपल्या खात्याला आजही लागू आहे. कांदा, टोमॅटो, गहू यांतले ग्लूटामेट आणि वरून घातलेले ग्लूटामेट प्रयोगशाळेतही वेगळे काढता येत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 31 मार्च 2016 च्या आदेशात हे मान्य केले आणि केवळ ग्लूटामेट आढळले म्हणून नूडल्सवाल्यांवर खटला भरू नका, मुद्दाम घातल्याची खात्री करा, असे कळवले. म्हणून माझी विनंती आहे की आपल्या अधिकाऱ्यांचा मोजका वेळ आणि प्रयोगशाळांची मोजकी ताकद या शोधात खर्च होऊ नये. वेष्टनावर खोटे छापले असेल तर कारवाई जरूर व्हावी. 'यात अजिनोमोटो नाही' असे मोठ्या अक्षरात लिहून आत यीस्टचा अर्क किंवा विघटित वनस्पती प्रथिने घालणाऱ्यांकडे तर आवर्जून बघावे, कारण त्यांतूनही तेच ग्लूटामेट येते. ग्राहक जास्त पैसे मोजून तीच चव घेतो आणि आपण सुरक्षित झालो असे समजतो.

आता ज्याच्याकडे बघायला हवे त्याबद्दल.

मंचुरियनचा तो भडक लाल-केशरी रंग. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनचे 171 नमुने तपासले, त्यातल्या 107 मध्ये असुरक्षित कृत्रिम रंग निघाले. त्यांनी गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. गोव्यात म्हापसा पालिकेने त्याच वर्षी मंचुरियनच्या गाड्यांविरुद्ध पाऊल उचलले, तेही रंग आणि अस्वच्छता यांमुळेच. सांगली-मिरज रस्त्यावरच्या गाड्या बेळगावपासून किती लांब आहेत? तोच कोबी, तोच रंग, तीच पुडी. आपल्याकडे असे नमुने जिल्ह्याजिल्ह्यांतून घ्या आणि निकाल मराठीत लोकांसमोर ठेवा. कायद्याने मंजूर असलेले रंगसुद्धा ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणातच चालतात, हे गाडीवाल्याला कोणी समजावून सांगितलेलेच नाही.

तेल. त्याच कढईत सकाळपासून रात्रीपर्यंत तापणारे, काळे पडलेले, वर रोज थोडे नवे ओतून चालवलेले. तळणीच्या तेलात खराब झालेले घटक 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायचे नाही, असा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. तेलात बुडवून काही सेकंदांत आकडा दाखवणारी हातात मावणारी यंत्रे मिळतात. अशी यंत्रे प्रत्येक तालुक्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे असावीत. वडापाव, भजी, चायनीज, फरसाण, सगळ्यांच्या कढया एकाच मापाने तपासल्या जाव्यात. चायनीजची गाडी तेवढी घाणेरडी आणि नाक्यावरचा वडेवाला पवित्र, असे काही नाही.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. भारतीय माणूस सरासरी याच्या सुमारे दुप्पट खातो. मिठात रक्तदाब वाढवणारा घटक म्हणजे सोडियम. मिठात ते वजनाच्या 39 टक्के असते, मोनोसोडियम ग्लूटामेटमध्ये 12 टक्के. म्हणजे ज्याला आपण पिशवीतून बाहेर काढतो त्यात सोडियम तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि ज्याची पिशवी घरात भरून ठेवतो त्यात तिपटीहून जास्त. सूप, रस्सा अशा पदार्थांत मीठ बरेच कमी करून थोडे ग्लूटामेट घातले तर चव फारशी न उतरता एकूण सोडियम कमी करता येतो, असे अभ्यासांत दिसले आहे. हा उपाय मी माझ्या रुग्णांना सुचवू धजत नाही. सुचवला तर ते माझ्याकडे पुन्हा येणारच नाहीत, इतकी ती भीती खोल आहे. ही भीती उतरवायला सरकारी शिक्का असलेला एक स्वच्छ, मराठीत लिहिलेला कागद फार उपयोगी पडेल.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला मीठ, साखर, चरबी ठळकपणे दाखवण्याचा मसुदा केंद्राने 2022 मध्ये काढला, त्यावर वर्षे गेली. केंद्राकडे त्याचा पाठपुरावा महाराष्ट्राने करावा. पण फरसाण, पापड, लोणची, भडंग यांचे हजारो छोटे उत्पादक आपल्या राज्यात आहेत, बरेचसे महिला बचत गटांचे. त्यांना दंडाची भीती घालण्याऐवजी मीठ मोजायला आणि हळूहळू कमी करायला शिकवणारे वर्ग आपले खाते तालुका पातळीवर उद्यापासून सुरू करू शकते. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहायला नको. मीठ थोडेथोडे कमी केले तर जिभेला काही आठवड्यांत सवय होते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

एक गोष्ट अजिनोमोटोबद्दलही मागते. किराणा दुकानात पारदर्शक पिशवीत बांधलेली, नाव-गाव-तारीख काही नसलेली पांढरी पावडर 'टेस्टिंग पावडर' म्हणून मिळते. तिच्यात नक्की काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. ही सुटी विक्री थांबवा. बंद पाकीट, त्यावर नाव, आणि बारा महिन्यांखालच्या बाळांचा इशारा मराठीत, एवढे झाले पाहिजे. गाडीवाल्याला अर्धा छोटा चमचा साधारण चार-पाच जणांच्या पदार्थाला पुरतो हे सांगणारा छोटा फलक द्या. तो वाचेल, कारण त्यात त्याचेही पैसे वाचतात.

शेवटी ग्राहकांबद्दल. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 नुसार कोणीही खरेदीदार, विक्रेत्याला तसे सांगून, विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि दोष निघाला तर शुल्क परत मिळते. हा हक्क माझ्या एकाही रुग्णाला माहीत नव्हता. सांगलीच्या माणसाने नमुना कुठे द्यायचा, किती शुल्क, किती दिवसांत निकाल, हे जिल्हा कार्यालयाच्या दारावर मराठीत लावा. पुढच्या महिन्यात मी स्वतः एका मंचुरियनचा आणि एका फरसाणाचा नमुना घेऊन तिथे जाणार आहे.

आपली विश्वासू,
एक आहारतज्ज्ञ, सांगली