नावेवरचे जॅकेट अंगात हवे

महोदय,

श्रावणात आणि सुट्ट्यांत मेहरूण तलाव, हतनूर धरणाचा फुगवटा, प्रकाशे येथील तापीचे पात्र अशा ठिकाणी खान्देशातील कुटुंबे लेकराबाळांसह हौसेने जातात. अलीकडेच एका जलाशयावर नौकाविहारास गेलो असता लाइफ जॅकेटे नावेतच होती, परंतु ती फळीखाली एका दोरीने घट्ट बांधून ठेवलेली होती. विचारले तेव्हा ‘तपासणीला लागतात’ असे उत्तर मिळाले.

जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात नाव उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या, तेव्हाही अनेक मुलांच्या अंगात जॅकेट नव्हते. नाव कलंडल्यावर गाठ सोडून जॅकेट चढवण्याइतका अवधी कोणालाच मिळत नाही. शिवाय मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातल्यास ते पाण्यात वर सरकून मूल खालून निसटू शकते, म्हणून मुलांसाठी त्यांच्या वजनाप्रमाणे आणि दोन पायांमधून घेण्याच्या पट्ट्याची जॅकेटे वेगळी ठेवावी लागतात. बक्कल तुटलेली जॅकेटे तर मोजणीतूनच वगळावीत.

१९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला आणि त्यात यंत्राविना चालणाऱ्या नावांचाही विचार झाला. तेव्हा वल्ह्याच्या नावांनाही सूट न देता, प्रवासीसंख्येची मर्यादा नावेवर ठळक रंगवावी, फेकण्याची दोरी व तरंगते कडे हाताशी ठेवावे आणि जॅकेट घातल्याखेरीज नाव काठावरून हलवू देऊ नये, अशी जिल्हा प्रशासनास विनंती आहे.

– एक वाचक, जळगाव